टेस्टमध्ये चौदा पदार्थ पॉझिटिव्ह आलेत, आता लेकराला खायला काय द्यायचं? (नाशिक)

अनघा_इंदिरानगर

नमस्कार, जरा मोठं लिहितेय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा, खूप टेन्शनमध्ये आहे.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी तिळगुळाचा लाडू दिला, त्याने अर्धा खाल्ला असेल. दहा-पंधरा मिनिटांत ओठ चोळत माझ्याकडे आला, बघते तर वरचा ओठ सुजलेला, मग मानेवर आणि पोटावर मोठ्या मोठ्या गांधी उठल्या, एकदा उलटी झाली आणि सारखा खोकत होता. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, त्यांनी आमसुलाचं पाणी चोळलं. आम्ही लगेच जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे खाजेचं सिरप दिलं, तासाभरात सूज उतरली आणि घरी पाठवलं.

नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून रक्ताचं मोठं फूड ॲलर्जी पॅनल केलं. रिपोर्टमध्ये चौदा गोष्टी पॉझिटिव्ह! गहू, तांदूळ, दूध, हरभरा, तूर, शेंगदाणा, तीळ, टोमॅटो, वांगं, केळं, मोहरी असं बरंच काही. सोबत एक छापील चार्ट दिला की हे सगळं सहा महिने बंद करा. आता गहू बंद, भात बंद, डाळ बंद, दूध बंद, मग पोराला वाढायचं काय? गेले काही दिवस नाचणीची भाकरी आणि भोपळा यावर चाललंय, तो ताट ढकलून देतो, वजन पण उतरलंय असं वाटतं. माझी आई म्हणते टेस्ट खोटी आहे, सगळं सुरू कर. सासूबाई म्हणतात रिपोर्टमध्ये आलंय तर विषाची परीक्षा कशाला. घरात रोज यावरूनच वाद.

कोणाच्या मुलांना खरंच फूड ॲलर्जी आहे का? नेमकं कशामुळे होतंय हे तुम्ही कसं शोधलं? आणि धाकटी सात महिन्यांची आहे, तिला आता शेंगदाणे वगैरे द्यायचेच नाहीत का?

---

शमीची_आई

अनघाताई, आधी शांत व्हा. माझ्या मुलीला काजूची ॲलर्जी आहे, खरीखुरी, त्यामुळे या सगळ्यातून आम्ही गेलोय. आम्ही गंगापूर रोडला असतो, कधी भेटावंसं वाटलं तर मेसेज करा.

पहिली गोष्ट, तो रिपोर्ट घडी करून फाइलमध्ये ठेवा आणि मला एवढं सांगा, संक्रांतीच्या आधी तुमचा मुलगा पोळी खात होता का? दूध पीत होता का? वरणभात खात होता का? आणि खाऊन त्याला काही होत होतं का? काहीच होत नव्हतं असं उत्तर असेल तर त्या पदार्थांची ॲलर्जी नाहीये, रिपोर्ट काहीही म्हणो. जो पदार्थ मूल पोटभर खातं आणि खाऊन खेळायला पळतं त्याची ॲलर्जी कशी असेल? आमच्या डॉक्टरांनी आम्हाला हेच पहिल्यांदा समजावलं होतं. रक्तात पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख ठेवलीये एवढंच, खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही.

आता डिटेक्टिव्हसारखं बसून लिहून काढा. लाडवात नेमकं काय काय होतं (काकूंना विचारा, साखरेचा पाक की गूळ, दाण्याचं कूट होतं का, खोबरं, वेलची, काजू, डाळं, सगळं), त्यातलं एकेक त्याने आधी कधी खाल्लंय, किती वेळा, तेव्हा काय झालं. त्या दिवशी ताप-सर्दी होती का, एखादं औषध चालू होतं का, लाडू खाऊन पळापळ केली का. आणि खाल्ल्यापासून किती वेळाने सुरू झालं, हे मिनिटांत. हे सगळं इथे टाका, मग बोलू. आणि फोटो काढले असतील ओठाचे तर जपून ठेवा, डॉक्टरला सूज उतरल्यावर काहीच दिसत नाही, फोटोच कामाला येतो.

---

अनघा_इंदिरानगर

ताई खूप खूप धन्यवाद, रडूच आलं वाचून.

काकूंना विचारलं. तीळ भाजून अर्धे मिक्सरमधून काढलेले, अर्धे अख्खे, दाण्याचं कूट, चिक्कीचा गूळ, किसलेलं सुकं खोबरं, वेलची, थोडं तूप. काजू नाही, डाळं नाही.

शेंगदाणे तो नेहमी खातो. साबुदाण्याची खिचडी त्याची आवडती, भगरीबरोबर दाण्याची आमटी, कूट तर आमच्या प्रत्येक भाजीत असतं, कधीच काही नाही. खोबरं, गूळ, वेलची पण नेहमीचंच. दूध सकाळ-संध्याकाळ, पोळी रोज, वरणभात रोज, कधी पुरळसुद्धा नाही.

तिळाचं विचाराल तर, आता आठवलं की आदल्या दिवशी भोगीला बाजरीची भाकरी केली होती तीळ लावून, लेकुरवाळी भाजी. त्याने दोन घास खाल्ले आणि तोंड खाजतंय म्हणाला, ओठांच्या कडेने लाल झालं होतं. मला वाटलं भाजी तिखट झाली असेल. त्याच्या आधी तीळ त्याने कधी खाल्लेत असं आठवत नाही, आमच्याकडे तिळाची चटणी होत नाही. काळ्या मसाल्यात असतात पण ते किती कमी. ताप नव्हता, औषध नव्हतं. लाडू खाल्ल्यापासून ओठ सुजेपर्यंत पंधरा मिनिटंसुद्धा नसतील झाली.

---

डॉ_नाशिकरोड (बालरोग)

अनघाताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण तुमची दुसरी पोस्ट वाचून जे सांगणं गरजेचं वाटतं ते सांगतो.

फूड ॲलर्जी ओळखायला सगळ्यात मोठी टेस्ट म्हणजे तुम्ही आत्ता जी लिहिली ती हकिकत. खरी तातडीची ॲलर्जी, ज्याला आम्ही आयजीई (रक्तातली ॲलर्जीची अँटीबॉडी) वाली म्हणतो, तिचं वागणं ठरलेलं असतं. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते फार तर दोन तासांत त्रास होतो, गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला, घरघर, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा तसंच होतं. भोगीला तिळाने तोंड खाजणं, दुसऱ्या दिवशी तिळानेच जास्त मोठी रिॲक्शन, आणि लाडवातल्या बाकी प्रत्येक वस्तूला मूल सरावलेलं, म्हणजे संशय कोणावर जातो हे तुम्हालाही दिसतंय. भाकरीवरचे तीळ अख्खे होते, लाडवातले निम्मे दळलेले. तिळाचं टरफल कडक, अख्खा तीळ बऱ्याचदा न चावता तसाच पोटातून निघून जातो. दळला की आतलं प्रोटीन मोकळं होतं, म्हणून चटणी, कूट, तिळाची पेस्ट यांनी अख्ख्या तिळापेक्षा जास्त त्रास झालेला दिसतो.

रिपोर्टबद्दल. रक्तातली आयजीई ०.३५ च्या वर गेली की लॅब पॉझिटिव्ह छापते. पण पॉझिटिव्ह म्हणजे सेन्सिटाइज्ड, शरीराने पदार्थ ओळखलाय एवढंच, ॲलर्जिक नव्हे. आपल्याकडे कर्नाटकात मोठ्या माणसांवर एक चांगला अभ्यास झालाय, त्यात साधारण चारातल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाची आयजीई सापडली आणि खाऊन खरंच ॲलर्जी होणारे होते शंभरात एक-सव्वा. बाकीचे सगळे मजेत जेवत होते. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असली तरी गहू-तांदूळ पॉझिटिव्ह येतात कारण प्रोटीन मिळतीजुळती असतात. म्हणून हकिकत आधी आणि टेस्ट नंतर, ती पण फक्त संशयित पदार्थाची. सरसकट पॅनल करून मग चार्ट हातात देणं हे मला अजिबात पटत नाही, यातून मुलं अशक्त झालेली मी बघितली आहेत.

तुमचे बालरोगतज्ज्ञ तुमच्या मुलाला ओळखतात, त्यांच्याशी उद्याच बोला आणि पोळी, भात, वरण, दूध लवकरात लवकर परत कसं सुरू करायचं ते ठरवा. यात उशीर नको असं म्हणतोय त्याला अजून एक कारण आहे. जे मूल पदार्थ नीट पचवत होतं त्याचा तो पदार्थ उगाच महिनोन् महिने बंद ठेवला तर काही मुलांमध्ये, खास करून एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा आजार) असलेल्या मुलांमध्ये, तो परत देताना खरी रिॲक्शन आल्याची उदाहरणं आहेत. खाणं चालू राहणं हेच शरीराला सवयीचं ठेवतं.

तीळ मात्र पूर्ण बंद, ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत एक दाणाही नाही, आणि घरी थोडासा देऊन बघू असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. ॲलर्जी क्लिनिकमध्ये बहुतेक स्किन प्रिक टेस्ट करतील, हातावर त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत फुगवटा मोजतात, तीन मिलिमीटर किंवा जास्त असला की पॉझिटिव्ह. त्याच्या आधी खाजेचं सिरप साधारण आठवडाभर बंद लागतं, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. तिळाचं आणखी एक आहे, टेस्टच्या तयार अर्कात तेलात विरघळणारी काही प्रोटीन येतच नाहीत, त्यामुळे कधी टेस्ट निगेटिव्ह आणि ॲलर्जी खरी असं होतं. म्हणून हकिकत इतकी पक्की असताना निगेटिव्ह आलं तरी लगेच लाडू खायचा नाही. शंका उरलीच तर हॉस्पिटलमध्ये, सगळी तयारी ठेवून, कणाकणाने वाढवत खायला देतात, त्याला फूड चॅलेंज म्हणतात आणि शेवटचा शब्द त्याचाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगावर गांधी, सोबत खोकला आणि उलटी, म्हणजे त्वचा, श्वास आणि पोट तिन्हीकडे एकाच वेळी. याला आम्ही ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी, म्हणून धरतो. त्याचं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सिरपने खाज जाते, बंद होणारा श्वास सिरपने उघडत नाही. या वेळी आपोआप उतरलं हे नशीब, पुढच्या वेळी तसंच होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पुन्हा असं दिसलं तर मुलाला आडवं करा, पाय वर, उलटी होत असेल तर कुशीवर, श्वासाला त्रास असेल तर बसू द्या पण उभं करून चालवू नका, १०८ ला फोन, आणि इंजेक्शन असेल तर आधी इंजेक्शन मग फोन. बरं वाटलं तरी काही तास हॉस्पिटलमध्ये थांबा, कारण काही जणांना उतरल्यानंतर दुसरी लाट येते.

धाकटीबद्दल, शेंगदाणा उशिरा द्या हा सल्ला आता जुना झाला. इंग्लंडमध्ये ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर अभ्यास झाला, तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली म्हणजे जास्त धोक्यातली बाळं, २०१५ मध्ये निकाल आले. लवकर आणि नियमित शेंगदाणा दिलेल्या बाळांमध्ये पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८१ टक्के कमी दिसली. तिला अंगावर जास्त एक्झिमा नसेल तर बारीक कूट वरणात किंवा पेजेत कालवून द्यायला हरकत नाही, अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो. तिच्या तिळाचं आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

---

सातपूरचा_किरण

डॉक्टरसाहेब एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. मोठ्यांनाही होतं हे, हे पण लोकांना कळू द्या. मी लहानपणापासून कोळंबी खातोय, मामाचं गाव डहाणूकडे, सुट्टीत दुसरं काही खायचोच नाही. चाळिशी जवळ आली आणि एकदा कोळंबीचा रस्सा खाल्ल्यावर तळहात खाजायला लागले, मग अंगभर गांधी. पुढच्या वेळी तेच आणि छातीत घरघर. आमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी मोठेपणीच सुरू होणं कॉमन आहे आणि ती सहसा जात नाही. घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांचं आणि कोळंबीचं एक प्रोटीन सारखंच असतं, मला धुळीचा त्रास आधीपासून होताच. सुरमई, पापलेट मला चालतात, कारण मासा वेगळा आणि कोळंबी वेगळी, दोन्ही आपोआप बंद करायची गरज नसते, पण हे टेस्ट करून ठरलं, मी स्वतः ठरवलं नाही.

आता जवळा, सोडे पण बंद, आणि घरात कोळंबी शिजत असेल तर मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहतो कारण वाफेने पण नाक-डोळे सुरू होतात. हॉटेलात गेलो की आधी विचारतो तळणीचं तेल एकच आहे का. कंपनीतली पोरं सुरुवातीला हसायची, मी सगळ्यांना बसवून समजावलं, आता कॅन्टीनवाला स्वतः येऊन सांगतो आज काय आहे ते.

---

मेघा_कॉलेजरोड

मी थोडं वेगळं सुचवते. आम्ही एक ऑनलाइन किट मागवलं होतं, बोटाचं रक्त पाठवायचं, दोनशे पदार्थांचा रिपोर्ट येतो, आयजीजी टेस्ट म्हणतात. मला गहू, दही, बदाम रेड झोनमध्ये आले, बंद केल्यावर खूप हलकं वाटतंय. अनघाने ते करून बघावं, त्यात जास्त पदार्थ कव्हर होतात.

---

शमीची_आई

मेघा, तुला बरं वाटतंय याचा आनंद आहे पण अनघाला हे सुचवू नकोस प्लीज. आयजीई वेगळी आणि आयजीजी वेगळी. आयजीजी म्हणजे आपण जे खातो त्याची शरीराने ठेवलेली नोंद, रोज गहू खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाची आयजीजी असणारच. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच लिहून ठेवलंय की फूड ॲलर्जी ओळखायला ही टेस्ट वापरू नका, अमेरिकेतले तज्ज्ञ पण तेच सांगतात. केस पाठवून करतात त्या टेस्टचंही तेच. चौदा पदार्थांनी त्या पोराचं वजन उतरलं, दोनशेच्या लिस्टने काय होईल?

आणि तुला गव्हाने खरंच पोट फुगत असेल, जुलाब, रक्त कमी असं काही असेल तर गहू परत सुरू करून मग सिलिॲकची टेस्ट कर, टीटीजी म्हणतात तिला. गहू बंद असताना ती टेस्ट केली तर निगेटिव्ह येऊ शकते आणि आजार तसाच राहतो. माझ्या मावसबहिणीचं असंच वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. ती ॲलर्जी नाही, आतड्याचा वेगळा आजार आहे, आणि त्यात आयुष्यभर गहू, जव बंद लागतात, म्हणून पक्कं माहीत असणं गरजेचं.

---

मेघा_कॉलेजरोड

ओके, हे माहीत नव्हतं. टीटीजीचं विचारते डॉक्टरांना.

---

निफाडकर

रामराम. आमची द्राक्षबाग आहे, थोडे बेदाणे पण करतो. पुतणीला ताजी द्राक्षं चालतात, काही होत नाही, पण पिवळेधमक बेदाणे खाल्ले की दम लागतो, तिला आधीपासून दमा आहे. घरात सगळे म्हणतात बागेवरच्या फवारणीची ॲलर्जी. काळे मनुके खाल्ले तर काही नाही. हे काय असेल?

---

डॉ_नाशिकरोड (बालरोग)

निफाडकर, निरीक्षण फार चांगलं आहे तुमचं. बेदाण्याचा पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातून सल्फाइट राहतं आणि दमा असलेल्या काही जणांना सल्फाइटने श्वासनळ्या आवळतात. ताजी द्राक्षं चालतात, काळे मनुके चालतात, फक्त धुरीचे बेदाणे चालत नाहीत, तर पहिला संशय त्यावरच. वाइनमध्येही सल्फाइट असतं, नाशिककरांनी हे लक्षात ठेवायला हवं. पाकिटावर १० मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे, पण सुटे बेदाणे घेताना कोण लिहून देणार. तिच्या दम्याच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा, आणि दमा नीट कंट्रोलमध्ये आहे का तेही बघून घ्या, दमा सैल असेल तर कुठलीही रिॲक्शन जास्त जोरात येते.

---

वैशाली_पंचवटी

माझा छोटा प्रश्न. मला दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुड, कधी जुलाब. दही-ताक चालतं. अंगावर काही उठत नाही. ही दुधाची ॲलर्जी का? गाईचं ए-टू दूध घेऊ का?

---

शमीची_आई

वैशालीताई, हे बहुतेक दुधातली साखर न पचण्याचं आहे, लॅक्टोज. दही-ताकात ती विरजणामुळे कमी होते म्हणून ते चालतं. त्रासदायक आहे पण जिवावरचं नाही. दुधाची खरी ॲलर्जी प्रोटीनची असते, त्यात दही, पनीर, पेढा सगळंच त्रास देतं, आणि त्यात ए-टू किंवा म्हशीचं दूध घेऊन उपयोग नसतो, शेळीचं पण नाही, प्रोटीन जवळपास तीच. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, पोटाच्या तक्रारीची दुसरीही कारणं असतात.

---

अनघा_इंदिरानगर

सगळ्यांचे किती आभार मानू. आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, त्यांनी पोळी, वरणभात, दूध सुरू करायला सांगितलं, काल त्याने दोन वाट्या वरणभात खाल्ला! काहीही झालं नाही. सासूबाईंना डॉ. नी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, त्यांनी स्वतः मसाल्याचा डबा बाजूला काढून ठेवला आणि बिन-तिळाचा काळा मसाला कुटायचं ठरलंय. ॲलर्जीच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. तीळ कुठे कुठे असतात? आणि ॲड्रेनलिनचं पेन इथल्या मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणतात, मग काय करायचं?

---

शमीची_आई

किती बरं वाटलं वाचून!

तीळ शोधायचे तर स्वयंपाकघरातूनच सुरुवात करा. काळा आणि गोडा मसाला, भाजणीच्या चकल्या, भाकरवडी, चिवडा, कडबोळी, लसणाची सुकी चटणी, भरली वांगी, खमंग काकडीवर सुद्धा काही जण घालतात. मिसळ खाताना मसाल्यात तीळ आहेत का हे मालकालाच विचारा, वाढणाऱ्या पोराला माहीत नसतं. चिक्की-रेवडी-गजक तर आहेतच, शेंगदाण्याची चिक्की पण तिळाच्या चिक्कीच्याच परातीत थापतात म्हणून ती घरीच करा. बेकरीत बन, टोस्ट, खारी, ब्रेडस्टिक. हमस म्हणजे काबुली चण्याची चटणी, तिच्यात तिळाची पेस्ट असते. तिळाचं तेल जवळपास नेहमी बिनरिफाइंड असतं, म्हणजे प्रोटीन राहतं, लोणच्यात येतं आणि आयुर्वेदिक मालिशच्या तेलातही. लाकडी घाण्यावरून शेंगदाणा तेल आणत असाल तर विचारा की त्याच घाण्यावर तीळ काढतात का, सहसा काढतात.

पाकिटांचं सांगते, आपल्याकडे ॲलर्जीची जी सक्तीची यादी आहे त्यात ग्लुटेनचं धान्य, कोळंबी-खेकडा, दूध, अंडं, मासा, शेंगदाणा-सुकामेवा, सोया, सल्फाइट एवढंच आहे, तीळ नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ लिहावेच लागतात. त्यामुळे खाली ठळक अक्षरात तीळ लिहिलेलं नाही म्हणजे तीळ नाहीत असं समजू नका, पूर्ण घटक वाचा, आणि नुसतं मसाले किंवा मिक्स्ड स्पाइसेस लिहिलं असेल तर सोडून द्या. आणि खसखशीचं डॉक्टरांना विचारा, काही जणांना तिळाबरोबर खसखस पण लागते, अनारशावर असते ना.

शाळेत तोंडी सांगून भागत नाही. एका कागदावर मुलाचा फोटो, काय खायचं नाही, काय दिसलं तर काय करायचं, तुमचा नंबर, असं लिहून बाईंकडे, व्हॅनवाल्या दादांकडे आणि शाळेच्या ऑफिसात द्या. वाढदिवसाला वाटलेला खाऊ त्याने तिथे खायचा नाही, डब्यात घेऊन घरी यायचं, बदल्यात तुम्ही बाईंकडे त्याच्या आवडीचा खाऊ आधीच ठेवून द्या म्हणजे तो एकटा पडत नाही. माझी शमी तीन वर्षांची असल्यापासून स्वतः विचारते, यात काजू आहे का? मुलांना सांगितलं की ती आपल्यापेक्षा जास्त काळजी घेतात.

---

औषधवाला_देवळाली

पेनबद्दल मी सांगतो, फार्मसीत आहे म्हणून. ऑटो-इंजेक्टर, म्हणजे तयार डोस भरलेलं ते पेन, इथे सहज मिळत नाही आणि मागवला तर महाग पडतो. म्हणून डॉक्टर बहुतेक ॲम्प्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज लिहून देतात. ॲड्रेनलिन एक मिलिलिटरचं ॲम्प्यूल, त्यात एक मिलिग्रॅम, किंमत अगदी कमी. डोस वजनावर असतो, साधारण किलोला ०.०१ मिलिग्रॅम, पण आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्या आणि सिरिंजवर त्या रेषेला मार्करने खूण करून घ्या, घाबरलेल्या माणसाला तेव्हा हिशोब जमत नाही.

सिरिंज एक मिलिलिटरची, सुई स्नायूत जाईल अशी, एक इंचाची वगैरे, कुठली ते डॉक्टर सांगतील. इन्शुलिनची सिरिंज अजिबात घेऊ नका, तिची सुई फार छोटी, औषध कातडीखालीच राहतं, आणि तिच्यावरच्या रेषा युनिटच्या असतात, मिलिलिटरच्या नाहीत. ॲम्प्यूल फोडायला, औषध ओढायला डॉक्टरांसमोर शिका, मग घरी पाणी भरून मोसंबीवर सराव करा, तुम्ही, मिस्टर आणि आजी तिघांनीही. आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवायचं नाही, तसं ते टिकत नाही.

ठेवायचं कसं, तर उजेड लागू द्यायचा नाही, फ्रिजमध्ये नको आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तर मुळीच नको. पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गुलाबी किंवा तपकिरी झालं की टाकून नवीन. दोन ॲम्प्यूल आणि दोन सिरिंज एका कडक डबीत, डोसचा कागद त्याच डबीत, आणि डबी कायम मुलाबरोबर, तो शाळेत तर डबी शाळेत, आजोळी तर आजोळी. एक्स्पायरी फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाका. ॲम्प्यूल कधी कधी दुकानात संपलेलं असतं, मागवायला दोन दिवस जातात, म्हणून चिठ्ठी हातात पडली की त्याच दिवशी मेडिकलला जा.